बारा कोस आणि गावकूस

'दर बारा कोसांवर भाषा बदलते' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी बसली आहे की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. महाविद्यालयात मानवी भूगोल शिकविणारे शिक्षक भाषेचे प्रकरण याच म्हणीने उघडतात. मग फळ्यावर संकल्पना येतात : भाषाप्रदेश, बोलींची साखळी, दोन बोलींमधली सीमारेषा, संपर्कभाषा, स्थाननामे. विद्यार्थी त्या उतरवून घेतो, नकाशात रंग भरतो आणि परीक्षेला बसतो. हा नकाशा रंगविताना आमच्या राहाता-कोपरगावकडील दलित विद्यार्थी स्वतः त्यात कोठे उभा असतो, हा प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे. आणि तो मी शिर्डीच्या संदर्भात विचारणार आहे. कारण भूगोलाच्या पुस्तकातील भाषेविषयीची जवळजवळ प्रत्येक संकल्पना शिर्डीच्या दोन मैलांच्या परिघात चालत्याबोलत्या रूपात भेटते.

आधी नकाशाविषयी. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. देशावरची मराठी, कोकणातील मराठी, वऱ्हाड-मध्यप्रांताकडील मराठी अशी त्याची मांडणी आहे, आणि प्रमाण म्हणून धरलेली मराठी पुण्याकडची आहे. नमुने मिळविण्याची रीत ठरलेली होती. बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची आणि तिथल्या बोलीत उतरवून मागवायची. काम प्रचंड होते. त्याचे मोल कमी करण्याचे मला कारण नाही. पण कचेरीतून निघालेला कागद गावात कुणाच्या हाती पडला असेल? ज्याला लिहिता येत होते त्याच्या. आणि त्या काळी लिहिता कुणाला येत होते, हे या पानांच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. बापाचे घर सोडून गेलेल्या मुलाची ती गोष्ट. ज्यांना घरातच घेतले नव्हते ते ती कशी सांगतील, हे विचारण्याची त्या रीतीत सोय नव्हती.

पुढे अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या पाहणीचे खंड काढले. ना. गो. कालेलकरांनी 'भाषा : इतिहास आणि भूगोल' लिहून या शास्त्राची मराठी वाचकाशी गाठ घालून दिली. २०१३ साली गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र-खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली आला आणि त्यात आदिवासींच्या व भटक्या-विमुक्तांच्या भाषांना स्वतःची पाने मिळाली. वाट पुढे सरकली आहे यात शंका नाही. वर्गात मात्र अजून पोचते ती बारा कोसांची म्हणच.

या म्हणीतला कोस बैलगाडीचा आहे. अंतर वाढले की माणसे भेटत नाहीत, भेटत नाहीत म्हणून शब्द वेगळे होतात, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर आहे, पण मग भेटीच्या आड केवळ अंतरच येते काय? गाव आणि महारवाडा यांच्यामध्ये शंभर पावलांचे अंतर असे. त्या शंभर पावलांत पाणवठा वेगळा, पंगत वेगळी, मसणवटा वेगळा. माणूस रोज गावात जात होता, सरपण फोडत होता, सांगावा घेऊन दहा गावे पालथी घालत होता, आणि तरीही गावाशी 'बोलत' नव्हता. आज्ञा ऐकत होता. जॉन गंपर्झ या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्यातल्या एका गावाच्या बोलीचा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध केला. एकाच गावात त्याला बोलीच्या रेषा सापडल्या. त्या रेषा हिंदू आणि मुसलमान यांच्यामधून गेल्या नव्हत्या, स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यामधून गेल्या होत्या. कामापुरता संबंध रोजचा असूनही बोली एक होत नाही. सोबत बसणे, हसणे, मैत्री करणे जेथे नाही तेथे उच्चार वेगळा राहतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हे आपल्याला कुणी अमेरिकेहून येऊन सांगावे लागले, याचे मला हसू येते आणि रागही येतो.

मराठीत भूगोलाचे शब्द काही कमी नाहीत. पांढरी, काळी, वेस, शीव, गावकूस. ही सगळी जमिनीची भाषा आहे आणि तिच्या प्रत्येक शब्दात जातीची जागा ठरलेली आहे. वेशीवर कोण? वेसकर. शिवेचा वाद निघाला तर साक्ष कुणाची? महाराची. दोन गावांची हद्द कोणत्या दगडावरून, कोणत्या ओढ्यावरून जाते हे त्याला ठाऊक असे आणि त्याने चालून दाखविलेली शीव गाव मान्य करी. म्हणजे ज्याच्या शब्दावर गावाचा नकाशा ठरत होता, त्याचा शब्द मराठीच्या नकाशात मात्र 'अशुद्ध' ठरला. भूगोलाच्या शिक्षकांनी सीमारेषा ही संकल्पना शिकविताना हा दाखला द्यावा. युरोपातल्या जर्मन बोलींच्या रेषेपर्यंत जाण्याची गरज पडणार नाही.

आता शिर्डीकडे येतो. मंदिराकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याने चालत जा. तेलुगू, तमिळ, कन्नड, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा पाट्या एकाखाली एक लागतात. तेलुगू पाटीवर गावाचे नाव 'शिरिडी' होते, तमिळ पाटीवर 'शीरडी'. हे आपोआप घडलेले नाही. बाबांच्या निधनानंतर (१९१८) मद्रासकडे नरसिंहस्वामींनी इंग्रजी ग्रंथ आणि संस्था यांच्या बळावर हा पंथ नेला. १९७७ साली हिंदी चित्रपट आला, १९८६ साली तेलुगू चित्रपट आला. २००९ पासून साईनगर शिर्डी स्थानकात गाड्या येऊ लागल्या, २०१७ पासून काकडीच्या माळावर विमाने उतरू लागली. भाविकांबरोबर त्यांच्या भाषा आल्या आणि बाजारपेठेने त्यांना तत्परतेने जागा दिली. फुलांच्या, प्रसादाच्या दुकानांकडे गिऱ्हाईक वळविणारी पोरे (यांना शिर्डीत पॉलिशवाले म्हणतात) गाडीचा नंबर पाहून भाषा बदलतात. आंध्र-तेलंगणाची गाडी आली की तेलुगू, गुजरातची आली की गुजराती. शाळा अर्धवट सुटलेली ही पोरे आहेत, आणि त्यांत आपल्या वस्त्यांतली पोरेही आहेत. चार-पाच भाषांत भाव सांगणाऱ्या या पोरांना बहुभाषिक म्हणून कुणी गौरविलेले मी ऐकलेले नाही. तीच गोष्ट इंग्रजी शाळेतल्या मुलाने केली असती तर वर्तमानपत्रात फोटो आला असता.

त्यांच्या या मिश्र बोलण्याला आमचे सुशिक्षित लोक एक शब्द वापरतात : धेडगुजरी. मोठमोठ्या समीक्षकांनी हा शब्द वापरला आहे, अग्रलेखांतून तो आजही येतो. 'धेड' हे कुणाचे नाव आहे, कोणत्या तुच्छतेने ते घेतले जात असे, हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते असे नाही; त्याला ते खटकत नाही, इतकेच. भाषांची सरमिसळ ही संकल्पना सांगायला मराठीला सापडलेला शब्द म्हणजे एका अस्पृश्य जातीची शिवी. भाषाशास्त्रात संपर्कभाषेवर प्रकरणे लिहिली जातात. या शब्दावर एखादे प्रकरण कुणीतरी लिहायला हवे.

आणि सरमिसळ ही शिर्डीत पाहुणी नाही. ज्याच्या नावाने हा सारा बाजार भरतो तो फकीर मशिदीत राहत होता, 'अल्ला मालिक' म्हणत होता, दखनी आणि मराठी यांच्या सीमेवरचे बोलत होता. त्याच्याजवळ राहिलेल्या अब्दुल नावाच्या सेवकाची वही आहे. मॅरिएन वॉरेन यांनी १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात तिचा अभ्यास मांडला. तिची भाषा दखनी उर्दू आणि लिपी मोडी! मुसलमान सेवक, सुफी परंपरेतला मजकूर, आणि अक्षर मराठी दप्तराचे. लोकांच्या जगण्यात भाषा अशीच राहते. पण गोविंद रघुनाथ दाभोळकरांनी चरित्र रचले ते ओवीत, पोथीच्या मराठीत, पारायणाला बसेल असे. मला पोथीविषयी तक्रार नाही. पोथी घरोघर गेली आणि वही अभ्यासकाच्या टेबलावर राहिली, हा भाषेच्या भूगोलाचा भाग आहे एवढेच मी नोंदवितो. कोणती भाषा कोणत्या दारातून आत जाते, हे भाषेच्या गुणावर ठरत नाही.

याचा सर्वांत साधा दाखला एका अक्षराचा आहे. आमच्याकडील अनेक घरांत 'ण' चा उच्चार 'न' असा होतो. पानी, लोनी, कोन, आनि. तो केवळ दलित घरांत होतो असे नाही; मराठा, माळी, धनगर घरांतही होतो. शिर्डीच्या हॉटेलात काम करणारा पोरगा दिल्लीच्या पाहुण्याला 'पानी लाऊँ?' असे विचारतो तेव्हा तो शुद्ध बोलतो. तोच पोरगा सकाळी शाळेत 'पानी' म्हणाला की वर्ग हसतो. माझ्या लहानपणी एका गुरुजींनी मला हा शब्द वीस वेळा लिहायला लावला होता. लिहिताना मी 'पाणी'च लिहीत होतो, चूक जिभेची होती आणि शिक्षा बोटांना. ओठ तेच, अक्षर तेच. सकाळी अडाणीपणा आणि संध्याकाळी पाहुणचार. अंतर किती? शाळा आणि हॉटेल यांच्यामध्ये एक रस्ता आहे.

शास्त्राच्या अंगाने पाहिले तरी या हसण्याला आधार नाही. जिला मराठीची पूर्वज मानतात त्या महाराष्ट्री प्राकृतात 'न' च्या जागी सर्रास 'ण' येतो, शब्दाच्या आरंभीसुद्धा. आजची प्रमाण मराठी 'नगर' म्हणते, 'णगर' म्हणत नाही. म्हणजे 'ण' सोडून 'न' धरण्याची गोष्ट प्रमाण मराठीनेही केली आहे. कोठे केली तर शुद्ध आणि कोठे केली तर अशुद्ध, हे ठरविण्याचा हक्क मात्र तिने आपल्याकडे ठेवला. १९६२ साली लेखनाचे नियम ठरले, १९७२ साली त्यांत भर पडली. नियम लेखनाचे होते. शिक्षकांनी ते जिभेला लावले.

यावर माझे काही मित्र म्हणतात, प्रमाणभाषेला लाथ मारा, आपल्या बोलीतच लिहा. मला हे पटत नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा त्यातल्या शब्दांपाशी पांढरपेशा वाचक अडखळला. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. पवार याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील धामणगावचे. त्यांचे मोठेपण बोलीचे शब्द पेरण्यात नाही. गाव आणि कावाखाना, दोन्हीकडचे जगणे ज्या निवेदनातून ते सांगतात त्याच्या ताब्यात आहे. प्रस्थापित समीक्षेने काय उचलले? 'रांगडी', 'अस्सल', 'मातीचा वास असलेली भाषा'. हे कौतुक मला संशयास्पद वाटते. पुस्तकात बोली आली की ती अस्सल, आणि उत्तरपत्रिकेत आली की गुण वजा. कौतुक करणारा आणि गुण कापणारा पुष्कळदा एकच प्राध्यापक असतो. १८४२ साली नगरहून सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'त १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापून आला. चौदा वर्षांच्या त्या मुलीने वाद घातला तो वादाच्या मराठीत. बाबासाहेबांनी 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) लिहिले ते कुणाही संपादकाच्या तोडीस तोड मराठीत. प्रमाणभाषा ही कुणाची वतनजमीन नाही. तिच्यावर आपलाही कब्जा आहे. आपल्या मुलाला दोन्ही यावे : आजीशी 'पानी' आणि उत्तरपत्रिकेत 'पाणी'. पहिल्याची लाज न वाटता दुसरे यावे. शिकविणाऱ्याकडून एवढी अपेक्षा ठेवणे फार नाही.

बोलीचे गोडवे गाणाऱ्यांनी बाबासाहेबांची १९५५ सालची भाषिक राज्यांवरील पुस्तिका पुन्हा वाचावी. एका राज्याची भाषा एक असावी हे त्यांनी मानले. पण एका भाषेचे सारे लोक एकाच राज्यात कोंबावेत हे मानले नाही. महाराष्ट्राचे चार भाग त्यांनी सुचविले होते. त्यांत आपला नगर जिल्हा पुण्याच्या गटात नव्हता. नाशिक, खानदेश आणि मराठवाडा यांच्याबरोबर मध्य महाराष्ट्रात होता. त्यांची भीती स्पष्ट होती : भाषिक प्रदेशात एकेक जात संख्येने आणि जमिनीने मोठी असते, आणि भाषेच्या नावाने उभे राहिलेले राज्य त्या जातीचे राज्य होऊ शकते. प्रादेशिक भाषेला राज्याची कारभारभाषा करू नये इथपर्यंत ते गेले. या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. कारण तहसील कचेरीत मराठी आली म्हणून माझ्या आईला अर्ज वाचून घेता आला. पण भीतीचे मूळ खोटे ठरले असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा आदेश निघाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, तेव्हा मराठीच्या बाजूने जे मोर्चे-मेळावे झाले त्यांत मलाही आनंद झाला. त्या आनंदात एक प्रश्न मात्र कुणी ऐकून घेतला नाही : कोणती मराठी?

सांगली जिल्ह्यातील एका गावाचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली 'कुपवार' या नावाने प्रसिद्ध केला. तेथे जमीनदार जैनांची घरभाषा कन्नड, मुसलमानांची उर्दू, आणि अस्पृश्यांची व भूमिहीनांची मराठी. गावाची सामाईक भाषा मराठी झाली. का? ती वरचढांपैकी कुणाचीच घरची नव्हती, म्हणून तिच्यात कुणाचे वर्चस्व मान्य करावे लागत नव्हते. अस्पृश्यांच्या घरातली भाषा सगळ्या गावाने बाहेर बोलावी, असेही महाराष्ट्रात घडले आहे. हा दाखला मराठी अस्मितेच्या एखाद्या भाषणात ऐकण्याची मी वाट पाहतो आहे.

शिर्डीतली सामाईक भाषा कोणती? 'साईराम'. रिक्षावाला, लॉजवाला, सुरक्षारक्षक, भाविक, सगळे एकमेकांना 'साईराम' म्हणतात. अभिवादनाचाही भूगोल असतो. एके काळी गावात 'रामराम' होता आणि गावकुसाबाहेरून 'जोहार मायबाप' होता. तोंड उघडताच माणूस कोणत्या बाजूचा हे कळावे अशी ती व्यवस्था होती. कामठीच्या बाबू हरदास यांच्या नावाशी जोडला जाणारा 'जयभीम' आला आणि जोहार मोडला. 'साईराम'मध्ये बाजू कळत नाही, म्हणून पुष्कळांना ते बरे वाटते. मलाही काही काळ वाटले असते. पण मे २०१५ मध्ये याच शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्यावरून भांडण पेटले, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. जेथे सहा लिप्यांत पाट्या लागतात, जेथे दिवसरात्र ध्वनिक्षेपकावरून आरत्या ऐकू येतात, तेथे एका खिशातला आवाज सहन झाला नाही. २००९ पासून शिर्डी हा लोकसभेचा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. नकाशावर तसा शिक्का आहे. पाट्यांवरील भाषा मोजून गावाचे भाषिक चित्र काढण्याची एक पद्धत अलीकडे अभ्यासात रुळली आहे. २०२२ च्या कायद्याने दुकानांवर देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाल्यापासून तिला जोरही आला आहे. पाट्या मोजाव्यात. पण कोणता आवाज काढायला माणूस कचरतो, हे पाटीवर लिहिलेले नसते.

शेवटी नावांविषयी, कारण स्थाननामांचे प्रकरण विद्यार्थ्यांना सर्वांत निरुपद्रवी वाटते. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले. चोंडीत जन्मलेल्या एका कर्तबगार स्त्रीचे नाव जिल्ह्याला मिळाले, ते जावो असे मी म्हणणार नाही. चोंडी जामखेड तालुक्यात आहे. २०१४ साली ज्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकविले, तो खर्डाही जामखेड तालुक्यात आहे. खर्डा हे नावही आता नकाशावरचे नुसते नाव राहिलेले नाही. आणि मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला तेव्हा काय घडले, हे विसरणे शक्य नाही. घरे जळाली, पोचिराम कांबळेंना जीव गमवावा लागला, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाला तो नामविस्तार. जिल्ह्याचे नाव मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने बदलते, विद्यापीठाच्या नावाला सोळा वर्षे लागतात. स्थाननामांचे प्रकरण निरुपद्रवी नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचे ठरविले. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर यावीत असे ठरले. निर्णय चांगला होता आणि फार उशिरा झाला. नावे बदलू लागली. वस्ती मात्र आहे तेथेच आहे, बहुतेक गावांत पूर्वेच्या अंगाला, पश्चिमेचा वारा गावावरून वाहून जेथे पोचतो तेथे. 'समतानगर' म्हटले की ऐकणाऱ्याला वस्ती कुणाची हे कळते. नवा शब्द जुन्या अर्थाने वापरला जातो. म्हणून जुने नावच ठेवावे असे मी म्हणत नाही. जुने नाव लादलेले होते, नवे मागून घेतलेले आहे. हा फरक मला पुरेसा मोठा वाटतो.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात भूगोल आणि मराठी या दोन विभागांनी मिळून विद्यार्थ्यांना एक काम दिले. प्रत्येकाने बारा कोस न जाता आपल्याच गावात फिरायचे, वीस शब्द निवडायचे, ते कोणत्या आळीत कसे बोलले जातात हे लिहून काढायचे आणि गावाच्या नकाशावर रेघा ओढायच्या. काही नकाशांत रेघ ओढ्यावर आली, काहींत जुन्या वेशीवर. एका मुलीने वहीच्या पहिल्या पानावर पत्त्याची जागा कोरी ठेवली होती. मी विचारले तेव्हा तिने सांगितले की रेशनकार्डावर वस्तीचे जुने नाव आहे, कमानीवर नवे आहे, आणि आधारवर नुसता 'गावठाण' असा शब्द आहे. सर, यांतले कोणते लिहू? मी तिला तिन्ही लिहायला सांगितले आणि प्रत्येक नाव कुणी दिले तेही समोर लिहायला सांगितले. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिसऱ्या नावापुढची जागा तिने रिकामी ठेवली आहे. ग्रामपंचायतीत चौकशीला ती दोनदा जाऊन आली, तिसऱ्यांदा जाणार आहे.